घाणीचं भांडं वेगळं, ओतायचं वेगळं: तापीकाठच्या एका घरातलं शिशाचं ओतकाम

मे २०२३ मधली गोष्ट. दुपारी फोन आला, "भाऊ, पातेलानं बूड बसी गयं." मी विचारलं, कोणाला लागलं का? "नही, देवनी खैर." मग मी गाडी काढली.

शिरपूरच्या अलीकडे तापीकाठी हे घर आहे. आबा भोई. पिढ्यान्‌पिढ्या नदीत जाळं टाकणारं घराणं. माझं धुळ्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. त्यांच्या होडीला एकदा पत्रा मारून दिला होता, तेव्हापासूनची ओळख. फेकजाळ्याच्या घेराला शिशाचे मणी लागतात. जाळं पाण्यावर गोल पडलं की मणी कडा खाली ओढतात आणि मासा आत राहतो. एका जाळ्याला चार-पाच किलो शिसं जातं. एक मणी बारा ग्रॅमचा धरला तर चारशेच्या आसपास मणी. आबा स्वतःपुरते ओततातच, शिवाय नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या गावांतूनही त्यांना मागणी असते. उन्हाळ्यात जाळी दुरुस्त होतात, तेव्हा हे काम जोरात चालतं.

अंगणात गेलो तर चुलीत शिशाची थारोळी गोठलेली होती. अॅल्युमिनियमचं पातेलं एका बाजूला लवंडलं होतं आणि बुडाला हातभर नाही पण चांगली वीतभर फाट पडली होती. आत वितळलेल्या शिशाचा आठेक किलो रस होता. माय, म्हणजे आबांची बायको, पळी आणायला घरात वळल्या आणि त्याच क्षणी बूड गेलं. त्या तिथे असत्या तर रस पायांवर आला असता.

बूड का गेलं, ते आधी सांगतो, कारण अशी पातेली अजून कितीतरी घरांत वापरात आहेत. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि अॅल्युमिनियम ६६० ला. या दोन आकड्यांकडे बघून माणसाला वाटतं, बराच फरक आहे, चालेल. पण अॅल्युमिनियम वितळायच्या फार आधी मऊ पडतं. साडेतीनशे-चारशे अंशांना त्याचा जोर बहुतेक संपलेला असतो. खाली लाकडाची ज्वाळा थेट बुडाला लागते, ती तर त्याहून कितीतरी गरम. आणि वर वजन शिशाचं. लिटरभर पाणी एक किलो, लिटरभर शिसं अकरा किलोंच्या वर. पातेल्यात तळाशी बोटभर दिसणारा रस आठ किलो भरतो, हे डोळ्याला पटतच नाही. जस्ताची बादली आणि पितळेचं भांडंही बाद, त्यांचं जस्त रसात उतरतं. लोखंड शिशात विरघळत नाही. म्हणून बीड किंवा एमएस, म्हणजे साधं पोलाद, तिसरा पर्याय मी मानत नाही.

पहिलं भांडं, जे माझं चुकलं

शिसं वितळवायच्या भांड्यांवर इंग्रजीत जे सापडतं, त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांनी लिहिलेलं असतं. तिकडे लोक बंदुकीच्या गोळ्या घरी ओततात आणि त्यासाठी विजेची तयार भांडी मिळतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे त्या वापराशी आपला संबंध नाही. पण भांड्याचं शास्त्र तेच. मण्याला जे लागतं तेच गोळीला लागतं: स्वच्छ रस, एकसारखं तापमान, साचा भरताना अडखळायला नको.

तिकडचं तयार भांडं मागवायचा विचार केला होता. दहा किलोच्या आसपास शिसं मावणारी ती भांडी चांगली असतात, पण तिकडची वीज १२० व्होल्टची. सातशे वॅटचं तिकडचं भांडं आपल्या २३० व्होल्टला थेट लावलं तर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने ते अडीच हजार वॅट खेचेल आणि कॉइल जळेल. ट्रान्सफॉर्मर घ्या, भांडं मागवा, एवढा खर्च आबांना कशाला? मी म्हटलं, मीच बनवतो.

त्या भांड्यांची एक सोय मला फार आवडली होती. बुडाला बारीक तोंड असतं, वरून एक सळई त्या तोंडात बसते, दांडा दाबला की सळई उचलली जाते आणि रस खालच्या साच्यात पडतो. पळीची कटकट नाही. वर जमणारी घाण, म्हणजे मळी, वरच राहते, स्वच्छ रस तळातून येतो. कागदावर यापेक्षा चांगलं काही नाही. मी तसंच बनवलं. बूड आठ मिलिमीटरच्या प्लेटचं, तोंड लेथवर काढलेलं, सळईचं टोक निमुळतं करून बसवलेलं.

पहिल्या दिवशी दोनशे मणी झाले. दुसऱ्या दिवशी तोंडातून थेंब सुरू झाला. तिसऱ्या दिवशी थेंबाची धार झाली आणि खाली गोठलेल्या शिशाची लिंबोळ्यांसारखी रास लागली. सळई फिरवली की थांबायचं, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. मध्येच लाइट गेली की तोंडातलं शिसं आधी गोठायचं, कारण ते उघड्यावर असतं, आणि लाइट आल्यावर ब्लोटॉर्चने तोंड शेकत बसावं लागायचं. आमच्या भागात उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

मी भांडं वर्कशॉपला आणलं, सळई आणि तोंड व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टने एकमेकांत घासून बसवलं. पाणी भरून तपासलं, एक थेंब नाही. पूर्ण सुकवून परत नेलं. चार दिवसांत तेच.

वाळू तळाला कशी गेली

मग मी एक अख्खा दिवस आबांच्या अंगणात बसलो आणि ते काय करतात ते फक्त बघितलं. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

त्यांचं शिसं कुठून येतं? थोडं भंगारवाल्याकडून जुन्या टेलिफोन केबलच्या आवरणाचं. ते मऊ आणि स्वच्छ. बाकी बरंचसं जुन्या जाळ्यांचे काढलेले मणी. त्यातला एक मणी मी तळहातावर घेऊन कानाजवळ हलवला. आत काही वाजलं नाही. भोकात काडी घातली तर गाळ निघाला, काळा, घट्ट बसलेला, आणि त्याच्या आत नायलॉनच्या दोरीचा तुकडा. तापीची बारीक वाळू आणि चिखल वर्षानुवर्षं त्या भोकात दाबून बसलेला. असे शेकडो मणी थेट भांड्यात जात होते.

पण वाळू शिशापेक्षा चौपट हलकी. ती वर तरंगायला हवी, तळाच्या तोंडात कशी अडकली? हा प्रश्न मला दोन दिवस झोपू देत नव्हता. उत्तर असं: पाण्यात बूच दाबून धरलं आणि सोडलं तर वर येतं, कारण बुचाच्या खाली पाणी शिरतं आणि ते त्याला वर ढकलतं. शिशाचा रस मात्र वाळूला आणि गंजक्या लोखंडाला ओलं करत नाही, त्यांना चिकटत नाही. वाळूचा कण भांड्याच्या भिंतीला किंवा तळाला टेकून बसला की त्याच्या खाली रस शिरतच नाही. खालून ढकलणारं काही नाही आणि वरून पाण्याच्या अकरापट जड रसाचा दाब, मग कण जागच्या जागी चेपलेला राहतो. आबा रस ढवळताना सळईला लागून काही कण खाली घसरतात आणि नेमके तोंडाच्या बसणीत जातात. केसाएवढा कण पुरतो. सळई पूर्ण बसत नाही, थेंब सुरू.

म्हणजे गळती भांड्याची नव्हतीच. घाण शिसं आणि ओतायचं शिसं एकाच भांड्यात वितळवत होतो, ती चूक होती. तोंड कितीही घासलं असतं तरी ती सुटली नसती.

त्याच दिवशी दुसरी गोष्टही दिसली आणि ती जास्त भयंकर होती. रस तयार असताना आबांच्या मुलाने मूठभर जुने मणी वरून टाकले. फट्ट आवाज झाला आणि रसाचे शिंतोडे अंगणभर उडाले. एक माझ्या बुटावर पडला. मणी बाहेरून सुके होते, पण भोकातल्या गाळात ओल होती. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते. रसाच्या पोटात एक थेंब अडकला तरी त्याच्या डोक्यावरचा सगळा रस उडतो. "असं व्हतंच कधी कधी," आबा म्हणाले. मी त्यांना म्हटलं, आबा, हे एकदा डोळ्यात गेलं की परत कधी कधी नसतं.

दोन भांडी

शेवटी जे ठरलं ते साधं आहे.

पहिलं भांडं घाणीचं. बिडाची जाड कढई, गॅसच्या भट्टीवर, घरापासून लांब, वारा वाहता असेल तिथे. जुनं शिसं फक्त यातच. मणी आधी काडीने टोकरून, दोरी काढून, धुऊन पत्र्यावर चार दिवस उन्हात. खान्देशातलं मे महिन्याचं ऊन यासाठी फुकटची भट्टी आहे. मग ते थंड कढईत भरायचे आणि नंतर खाली आच लावायची. तयार रसात नवीन काही टाकायचं नाही, हा नियम मायने सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवला की नातूही तो म्हणून दाखवतो. रस झाला की सुक्या लाकडाच्या भुशाची मूठ टाकून सुक्या काठीने ढवळायचं, काठी भिंतीला आणि बुडाला घासत न्यायची, म्हणजे चिकटलेली वाळू सुटून वर येते. भुसा जळतो, त्याचा कोळसा होतो, मळीत अडकलेलं शिसं परत रसात उतरतं आणि वर कोरडी राखाडी भुकटी राहते. ती हळूच काढायची. मग कांड्या ओतायच्या. अर्ध्या किलोची एक कांडी, अँगलच्या तुकड्यांत.

दुसरं भांडं ओतायचं, विजेचं, आणि यात फक्त कांड्या जातात. या वेळी तळाचं तोंड काढूनच टाकलं. सळईच्या भांड्याची गंमत मला अजूनही वाटते, पण आबांचा हात पळीवर बसलेला आहे. चाळीस वर्षांचा तो अंदाज कुठल्याही दांड्यापेक्षा बरोबर आहे, साच्यात एकदाही कमी-जास्त पडत नाही. "तुनं यंत्र चांगलं शे, पन मनी पळीच बरी," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. लाइट गेली तर उघड्या भांड्यात काही अडत नाही, रस गोठतो, लाइट आली की पुन्हा पातळ होतो.

मापाचा विचार थोडा सविस्तर सांगतो. पाच इंची पाइपचा तुकडा, उंची तेरा सेंटिमीटर, बूड आठ मिलिमीटरचं, वेल्ड आतून आणि बाहेरून. यात दहा किलो रस सुमारे सात सेंटिमीटर उभा राहतो. सहा इंची घेतला असता तर रस पसरट होऊन पाच सेंटिमीटरच राहिला असता, पळी बुडाली नसती आणि पृष्ठभाग मोठा झाल्याने मळीही जास्त धरली असती. चार इंचीत पळी फिरत नाही. तळाला चौकोनी प्लेट आणि ती टेबलाला नटबोल्टने आवळलेली, कारण दहा किलोचं भांडं धक्क्याने कलंडलं तर पळायला वेळ मिळत नाही.

हीटर एक किलोवॅटचा, आणि तो भांड्याच्या खाली नाही, कमरेला पट्ट्यासारखा. याला कारण आहे. शिसं वितळताना तीन-साडेतीन टक्के फुगतं. खालून तापवलं तर तळाला रस होतो आणि वर घट्ट झाकण तसंच राहतं. फुगणाऱ्या रसाला जागा मिळत नाही आणि तो एखाद्या चिरेतून पिचकारीसारखा उडतो. बाजूने तापवलं की आधी भिंतीलगतचं शिसं वितळतं आणि रसाला वर यायला वाट राहते. एक किलोवॅट पुरतो का, असं विचारणारे बरेच भेटतात. शिशाला उष्णता कमी लागते. दहा किलो शिसं वितळवून कामाच्या तापमानाला आणायला तेवढ्याच वजनाचं पाणी उकळायला लागते त्याच्या साधारण पाचवा हिस्सा. आमच्याकडे पंचवीस मिनिटांत रस तयार असतो.

हीटरचा पहिला पट्टा (बँड) मी मायकाचा, म्हणजे अभ्रकाचा बसवला, तो दोन महिन्यांत गेला. या तापमानाला तो सतत टिकणारा नाही. दुकानदाराने "चालेल" म्हटलं आणि मी ऐकलं. आता सिरॅमिकचा आहे, वरून सिरॅमिक वूल आणि पत्र्याचं कव्हर. तापमान मोजायला के टाइप थर्मोकपल आणि ते एका जागी ठेवायला कंट्रोलर. अर्थिंगची तार भांड्याच्या अंगाला बोल्टने जोडलेली, मागे एमसीबी. यात काटकसर करू नका.

कंट्रोलर ३८० वर लावलेला असतो. त्याच्या खाली साच्यात मण्यावर सुरकुत्या पडतात, भोकाजवळ अर्धवट राहतो. साडेचारशेच्या पुढे नेलं तर काम काही सुधारत नाही, उलट वर पिवळट भुकटी भराभर धरते आणि धूरही वाढतो. तापमान कमी ठेवायचा आणखी एक फायदा आबांना लगेच मिळाला. हायवेवरच्या टायरवाल्याकडून कोणीतरी चाकांना लावायच्या बॅलन्सच्या वजनांची पिशवी आणून दिली. त्यात हल्ली शिशाबरोबर जस्ताची आणि लोखंडाचीही असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं. कढईत रस चारशेच्या आत ठेवला म्हणून जस्ताचे तुकडे तसेच तरंगत वर आले आणि चिमट्याने काढता आले. ते विरघळलं असतं तर अख्खा रस पिठल्यासारखा दाट झाला असता आणि साचाच भरला नसता. तेव्हापासून घाणीच्या कढईलाही एक थर्मोकपल आहे.

जुन्या बॅटऱ्या मात्र मी आबांना सरळ नाही म्हटलं. स्वस्त पडतात, हे खरं. पण प्लेटांमध्ये आम्ल असतं, अँटिमनी आणि आर्सेनिक असतं, आणि त्या मळीला ओल लागली तर अतिशय विषारी वायू निघू शकतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणेही जुनी बॅटरी पुनर्चक्रणाच्या रीतसर साखळीतच जायला हवी. अंगणात ती फोडणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

नातवाचा रिपोर्ट

भांड्याचं काम संपल्यावर मी निघणार होतो. तेवढ्यात आबांचा चार वर्षांचा नातू चुलीजवळच्या मातीत खेळताना दिसला, त्याच मातीत जिथे दोन पिढ्या मळी झटकली जात होती. सूनबाई म्हणाल्या, जेवत नाही, पोट दुखतं म्हणतो. मी डॉक्टर नाही. पण शिसं पोटात गेलं की काय होतं, एवढं माझ्या धंद्यात माहीत असतं. मी त्यांना धुळ्याला घेऊन गेलो, रक्तातलं शिसं तपासायचा आग्रह धरला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली पातळी डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम. त्याच्या वर गेलं की शिसं कुठून येतं ते शोधून ते थांबवायचं. आणि त्याच्या खाली सुरक्षित असं काही नाही, हेही तीच संघटना सांगते. नातवाचा आकडा पाचाच्या बराच वर निघाला. आबा रिपोर्ट हातात धरून बाकावर बसले आणि खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोऱ्यानं काय चुकनं?"

ते वाक्य आठवलं की आजही मला कसंतरी होतं. लोक धुराला घाबरतात. चारशे अंशांच्या आत शिशाची वाफ फारच थोडी असते. खरं विष त्या पिवळट-राखाडी भुकटीत आहे. ती हाताला लागते, हातातून तंबाखूत, बिडीत, भाकरीत जाते, कपड्यांवर बसून घरात येते. मुलाचं शरीर मोठ्यापेक्षा ते कितीतरी जास्त शोषतं.

म्हणून देखभालीत भांड्याइतकीच भुकटीची व्यवस्था आली. मळी झाकणाच्या डब्यात, डबा उघडताना तोंडाला चांगला मास्क. झाडू बंद, त्या जागेवर ओलं फडकं. पण ते काम संपल्यावर, भांडं थंड असताना, ओलं फडकं आणि रस एका वेळी कधीच नाही. डबा भरला की नोंदणीकृत रिसायकलरकडे, नदीत नाही आणि उकिरड्यावर तर नाहीच. ओतायच्या जागेला मायने दोरी बांधली आहे, दोरीच्या आत मुलं नाहीत. कामाचे कपडे तिथेच खुंटीला, वेगळे धुतात. जेवणाआधी साबणाने हात. जुन्या चुलीजवळची माती वीतभर खणून गोणीत भरून बाहेर काढली, वर मुरूम टाकला.

भांड्याची देखभाल त्यामानाने थोडी. काम संपलं की रस कांड्यांत ओतून तळाला बोटभर ठेवायचा. त्याने बूड गंजत नाही आणि पुढच्या वेळी नवी कांडी लवकर वितळते. पावसाळ्यात भांडं झाकून ठेवायचं. जून ते सप्टेंबर हवेतला दमट ओलावा आत बसतो, म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवशी ते शंभर-दीडशे अंशांवर अर्धा तास नुसतं तापत ठेवायचं, मगच पुढे. पळीसुद्धा रसात बुडवायच्या आधी भांड्याच्या काठावर टेकवून गरम करायची. आतली भिंत महिन्यातून एकदा थंड असताना पत्र्याच्या तुकड्याने खरवडायची, तारेच्या ब्रशने नाही, त्याने भुकटी उडते. थर्मोकपलचं टोक शिशात असतं, ते वर्षभराने खोटं बोलायला लागतं. मी तपासायला सोपी रीत ठेवली आहे: स्वच्छ केबलचं शिसं वितळवायचं, हीटर बंद करायचा आणि गोठताना आकडा बघायचा. रस गोठत असताना आकडा थोडा वेळ एका जागी थांबतो. तो ३२७ च्या जवळपास थांबला तर ठीक.

या मे महिन्यात तो ३४१ वर थांबला. थर्मोकपल बदललं. वेल्ड आतून-बाहेरून बघितले, चीर नाही. बूड ठोकून आवाज घेतला, स्वच्छ वाजलं. नातवाचा आकडा सहा महिन्यांनी उतरला होता, पुढच्या तपासणीत आणखी उतरला, अजून पाचाच्या खाली आलेला नाही. दिवाळीनंतर पुन्हा तपासायचं आहे. नवापूरकडच्या उकाई धरणाच्या फुगवट्यात जाळं टाकणाऱ्या एका पाहुण्याने वीस ग्रॅमचे मणी मागितलेत, पाणी तिथे खोल आहे. त्याचा साचा मी आता लेथवर लावला आहे.